नॅनोतंतूंची जाळी घालूनही कार्बन फायबरचे थर सुटतात तेव्हा काय तपासावे

लक्षणे

कार्बन फायबर आणि त्याला घट्ट धरणारे इपॉक्सी रेझिन यांच्या एकावर एक थरांनी बनलेल्या लॅमिनेटमध्ये थरांच्या मधोमध नॅनोतंतूंची, म्हणजे अतिशय बारीक पॉलिमर तंतूंची, पातळ जाळी घातली, तरी थर सुटायचे थांबत नाहीत, ही तक्रार गेली अकरा वर्षे माझ्यापुढे येत आहे. पुण्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत मी काम करतो आणि ड्रोन बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या रेसिंग कारच्या संघांपर्यंत अनेक जण तुटलेले नमुने घेऊन येतात. तक्रारीची रूपे मात्र मोजकीच असतात.

सर्वात नेहमीचे रूप म्हणजे जाळी घातलेल्या आणि न घातलेल्या नमुन्यांचे, थर सुटण्याला होणाऱ्या प्रतिकाराचे आकडे सारखेच येतात, किंवा जाळीवाल्यांचे थोडे कमीच येतात. दुसरे रूप असे की एकाच पॅनेलमधून कापलेल्या पाच नमुन्यांपैकी दोन उत्तम निघतात आणि उरलेले तीन अगदी कमकुवत. कधी तडा सावकाश पुढे न सरकता झटक्याने उडी मारतो आणि भाराचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. कधी तुटलेल्या पृष्ठभागावर पांढरे, कोरडे, कागदासारखे पट्टे दिसतात. आणि कधी प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचे आकडे खरोखर चांगले असतात, पण प्रत्यक्ष भागावर दगड आदळला किंवा हत्यार पडले की आतली इजा पूर्वीइतकीच पसरलेली सापडते.

या प्रत्येक वेळी पहिला विचार येतो तो जाळीचा पॉलिमर बदलण्याचा. माझा आग्रह असा आहे की तडा नेमका कुठून गेला हे समजेपर्यंत पॉलिमरला हात लावू नये. तडा जाळीच्या आतून गेला, आणि त्या जाळीत रेझिन नीट भिनलेले असले, तरच नॅनोतंतू काम करतात. तडा शेजारून निघून गेला असेल तर जगातला सर्वोत्तम तंतूही काही करू शकणार नाही. खालचे तपास म्हणूनच फुकटातल्यापासून महागड्याकडे, या क्रमाने लिहिले आहेत.

तुटलेला पृष्ठभाग

यासाठी एक भिंग, तिरपा पडणारा प्रकाश आणि नमुन्याचे दोन्ही अर्धे एवढेच लागते. दोन्ही अर्ध्यांवर जाळीचे अवशेष सारखे, मंद आणि खरखरीत दिसले, तर तडा जाळीतून गेला आहे. एका अर्ध्यावर सगळी जाळी आणि दुसऱ्यावर कार्बन तंतूंच्या बारीक खोबणी असलेले चकचकीत रेझिन दिसले, तर तडा जाळी आणि थर यांच्या सीमेवरून गेला. दोन्हीकडे जाळी न दिसता उघडे कार्बन तंतू केसांसारखे उभे दिसत असतील, तर तडा जाळी सोडून शेजारच्या थरातच शिरला. यातला कोणता प्रकार आहे हे कळले की पुढचे अर्धे तपास बहुधा गळून पडतात.

चौथा प्रकार कोरड्या जाळीचा. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एक विद्यार्थिनी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन अर्धे घेऊन आली होती. त्यातल्या एकाच्या कडेला मी नख लावले, तर जाळी कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड निघून आली. खाली रेझिनचा मागमूस नव्हता. अशी जाळी नखाने सुटत असेल, तर सरळ ओलावा आणि रेझिन यांच्या तपासाकडे जावे.

आकड्यांची तुलना न्याय्य आहे का

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे, कारण अनेकदा पॅनेलमध्ये दोष नसतोच, तो तुलनेत असतो.

थर उघडण्याला होणारा प्रतिकार आपण बहुधा दुहेरी कँटिलिव्हरच्या चाचणीने, म्हणजे नमुन्याचे दोन अर्धे एका टोकाकडून ओढून उघडत, मोजतो. एएसटीएम डी ५५२८ या मानकाप्रमाणे नमुना साधारण १२५ मिलिमीटर लांब आणि २० ते २५ मिलिमीटर रुंद असतो, मधल्या पातळीत एका टोकाला न चिकटणारी फिल्म असते आणि तिथून तडा सुरू केला जातो. या नमुन्यात सगळे कार्बन तंतू लांबीच्या दिशेने असतात. जाळी नसलेल्या नमुन्यात समोरासमोरच्या दोन थरांचे तंतू एकमेकांत रुततात आणि तडा पुढे जाताना काही तंतू एका अर्ध्यातून दुसऱ्यात पुलासारखे ताणले जातात. तडा जसजसा लांब होतो तसतसे हे पूल वाढतात आणि प्रतिकाराचा आकडाही चढत जातो. हा आकडा खोटा नाही, पण तो त्या नमुन्याच्या रचनेतून आलेला आहे, आणि वेगवेगळ्या दिशांच्या थरांनी बनलेल्या प्रत्यक्ष भागात त्यावर विसंबता येत नाही.

आता मध्ये जाळी आली की दोन्ही थर एकमेकांपासून काही मायक्रॉन दूर होतात, तंतू रुतणे कमी होते आणि पूलही कमी होतात. म्हणजे जाळी स्वतःचे काम चोख करत असतानाही तडा लांब झाल्यानंतरचा आकडा बिनजाळीच्या नमुन्यापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणून तडा सुरू होतानाचा आकडा आणि तो पुढे सरकतानाचा आकडा नेहमी वेगळे लिहावेत आणि वेगळेच ताडून पाहावेत. ज्यांनी सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली आहे, त्यांना मी आधी कच्चे आलेख घेऊन यायला सांगतो.

फिल्मकडेही लक्ष द्यावे. मानकानुसार ती १३ मायक्रॉनपेक्षा जाड नसावी. जाड फिल्मच्या टोकाशी रेझिनचा एक छोटा खिसा तयार होतो, तिथे तडा बोथट टोकाने सुरू होतो आणि सुरुवातीचा आकडा फुगतो. पुढे तो खिसा फुटला की तडा उडी मारतो, आणि करवतीसारख्या आलेखाचा पहिला दाता बहुतेक वेळा हाच असतो. फिल्म जाळी आणि थर यांच्या मध्ये सरकवली असेल, तर तडा त्या सीमेवरच जन्माला येतो आणि शेवटपर्यंत तिथेच राहू शकतो. मी अर्ध्या वजनाच्या दोन जाळ्या घेऊन फिल्म त्यांच्या मधोमध ठेवतो, म्हणजे तड्याला दोन्ही बाजूंना जाळीच मिळते. नमुन्याच्या कडेवर पांढऱ्या करेक्शन फ्लुइडचा पातळ हात मारून त्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या, की तडा कुठे आहे ते स्पष्ट दिसते. हे काम घाईत केले तर तड्याची लांबी चुकते आणि पुढचे सगळे गणित वाया जाते.

प्रत्येक गटात किमान पाच नमुने असावेत, दोन्ही गट एकाच रेझिनच्या बॅचमधले आणि एकाच वेळी क्युअर केलेले (म्हणजे रेझिन तापवून घट्ट केलेले) असावेत. तसे नसेल, तर पुढे न जाता आधी तेवढेच करावे.

ओलावा

जाळी नायलॉनची असेल, तर हे ध्यानात ठेवावे की नायलॉन पाणी पितो. नायलॉन ६,६ हवेत ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना वजनाच्या सुमारे अडीच टक्के, आणि संपृक्त झाल्यावर आठ टक्क्यांहून जास्त पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यात पुण्या-मुंबईची हवा या दुसऱ्या टोकाच्या जवळ असते, आणि कोकण-गोव्याकडे तर काही विचारायलाच नको. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीची जाळी दोन आठवडे उघड्या फळीवर पडून होती. तिचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा आम्ही वजन केला, तो ४३ मिलिग्रॅम भरला. चार तास व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवल्यावर तो ४० मिलिग्रॅम झाला.

तीन मिलिग्रॅम फार वाटत नाहीत, पण हिशोब करून पाहावा. प्रति चौरस मीटर हे ०.३ ग्रॅम पाणी झाले, आणि १२० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या दाबाखाली, त्याची सुमारे अर्धा लिटर वाफ होते. तिचा काही भाग रेझिनमध्ये विरघळतो आणि काही व्हॅक्यूम ओढून घेतो, पण जो उरतो तो नेमका जाळीतच पोकळ्या करून बसतो, म्हणजे जिथे आपल्याला सगळ्यात भरीव रेझिन हवे असते तिथेच.

उपाय स्वस्त आहे. जाळी ६० ते ८० अंशांना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये काही तास वाळवावी आणि दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत ठेवावी. तंतू इतके बारीक असतात की बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ते पुन्हा पाणी ओढू लागतात, म्हणून ओव्हनमधून जाळी निघाली की ती लगेच रचनेत गेली पाहिजे, किंवा सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात. प्रीप्रेग (आधीच रेझिन भिनवलेला कार्बन फायबरचा थर) वापरत असाल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढल्यावर तो बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. थंड प्रीप्रेगची पिशवी आधीच उघडली की त्यावर दव धरते, आणि वाळवलेली जाळी त्यावरच टेकवली जाते.

क्युअरमध्ये जाळी टिकते का

नायलॉन ६,६ सुमारे २६० अंशांना वितळतो, नायलॉन ६ साधारण २२० ला, नायलॉन १२ मात्र १८० च्या आसपास. १८० अंशांना क्युअर होणाऱ्या रेझिनमध्ये नायलॉन १२ ची जाळी घातली, तर तंतू तंतू राहतीलच याचा भरवसा नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन तर ६० अंशांना वितळतो आणि इपॉक्सीत विरघळून जातो. क्युअर होताना तो रेझिनमधून बारीक थेंबांच्या रूपात वेगळा होतो आणि त्या मार्गानेही चिवटपणा वाढू शकतो, पण तो मार्ग निराळा आहे. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधत बसण्यात अर्थ नाही.

पॉलिमर नेमका कोणता हे पाकिटावर लिहिलेले नसेल, तर काचपट्टीवर जाळीचा छोटा तुकडा ठेवून त्यावर हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) मिसळलेल्या रेझिनचा थेंब टाकावा आणि तुमच्या क्युअरच्या तापमानाला तेवढाच वेळ ओव्हनमध्ये ठेवावा. शेजारी रेझिनशिवाय दुसरा तुकडा ठेवावा. थंड झाल्यावर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पाहिले, की जाळी वितळली, विरघळली की टिकली ते कळते. एका दुपारचे काम आहे, आणि या एका काचपट्टीने अनेकांची महिन्यांची मेहनत वाचली आहे.

जाळीचे वजन, आधाराचा कागद आणि वास

जाळीच्या पाच वेगवेगळ्या जागांहून १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापून वजन करावे. प्रति चौरस मीटर ४ ग्रॅमच्या जाळीचा असा तुकडा ४० मिलिग्रॅम भरतो. एक ३० आणि दुसरा ५५ आला, तर पाचांपैकी तीन नमुने का फसले हे तिथेच समजते. जाळी खिडकीसमोर धरली तरी ढगाळ आणि विरळ भाग डोळ्यांना दिसतात.

आधारावरून जाळी पूर्ण सुटली आहे का हेही पाहावे. जाळी बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडावर किंवा सिलिकॉन लावलेल्या कागदावर गोळा केलेली येते. ते कापड लॅमिनेटच्या आतच राहून गेलेले मी दोनदा पाहिले आहे. इपॉक्सी पॉलिप्रॉपिलीनला धरत नाही, त्यामुळे तिथे थर हाताने सुटतात. सिलिकॉनचा कागद सुटला तरी त्याचा अंश जाळीवर राहू शकतो, म्हणून कागदाला टेकलेली बाजू कोणती होती याची खूण करून ठेवावी आणि तडा त्याच बाजूने जातो का ते पाहावे.

इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च दाबाच्या विजेने द्रावणातून बारीक तंतू ओढून, नायलॉनची जाळी बनवताना बहुधा फॉर्मिक आम्ल द्रावक म्हणून वापरतात. जाळीला आंबूस, झोंबणारा वास असेल तर द्रावक अजून आत आहे. हे आम्ल अमाइन हार्डनरशी जुळते आणि नेमके जाळीजवळचे रेझिन अर्धवट क्युअर होते. वाळवण्यानेच हाही दोष जातो.

रेझिन पुरते का

प्रीप्रेगवर काम करणाऱ्यांनी इथे कागद-पेन्सिल घ्यावी. प्रति चौरस मीटर ४ ग्रॅम नायलॉन भरीव असता तर त्याची जाडी सुमारे साडेतीन मायक्रॉन झाली असती, पण जाळीत ८५ टक्के पोकळी धरली तर ती सुमारे २३ मायक्रॉन भरते. ती पोकळी भरायला प्रति चौरस मीटर २४ ग्रॅमच्या आसपास रेझिन लागते. प्रति चौरस मीटर १५० ग्रॅम तंतू आणि ३५ टक्के रेझिन असलेल्या प्रीप्रेगच्या एका थरात एकूण रेझिनच ८१ ग्रॅम असते. दाबाखाली जाळी चेपते, म्हणून प्रत्यक्षात इतके लागत नाही, पण प्रत्येक थरामध्ये जाळी घालून शिवाय ब्लीडर कापडालाही (जादा रेझिन शोषून घेणाऱ्या कापडाला) रेझिन पिऊ दिले, तर लॅमिनेट उपाशी राहणारच. ब्लीडर कमी करावा किंवा जाळी हलकी घ्यावी. जड जाळी म्हणजे जास्त चिवटपणा असे समीकरण मांडू नये. रेझिन आत पोहोचत नाही अशा जाड जाळीचा मधला भाग हाच तड्याचा सर्वात सोपा रस्ता होतो.

इन्फ्युजन, म्हणजे कोरड्या थरांत व्हॅक्यूमने रेझिन ओढून घेणे, करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. जाळी रेझिनचा जाडीच्या दिशेचा प्रवाह मंदावते. रेझिन वरच्या पृष्ठभागावर झपाट्याने पसरलेले दिसते आणि खालच्या थरांत कोरडे पट्टे राहतात. व्हॅक्यूम बॅगची गळती आधी तपासावी, रेझिन त्याच्या उत्पादकाने सांगितलेल्या तापमानापर्यंत गरम करून पातळ करावे आणि खालची बाजू पूर्ण भिजेपर्यंत नळी बंद करू नये. जे लोक जाळीऐवजी कार्बन नॅनोतंतू थेट रेझिनमध्ये मिसळून इन्फ्युजन करतात, त्यांच्या बाबतीत कापडच गाळणीचे काम करते आणि तंतू आत येण्याच्या तोंडाशीच अडकतात. आत जाणारे रेझिन काळे आणि बाहेर येणारे फिके दिसले, तर तिथे अधिक तपासाची गरज नाही.

जाळी योग्य थरांत आहे का

नमुना चांगला आणि भाग वाईट असेल तर बहुधा हे कारण असते. चाचणीत जाळी मधल्या पातळीत असते. पण आघात झाल्यावर थर सुटतात ते मुख्यतः जिथे शेजारच्या थरांच्या दिशा बदलतात तिथे, आणि त्यातही आघाताच्या विरुद्ध बाजूकडे अधिक पसरतात. मोकळ्या कडा, भोके आणि जिथे थर संपवले आहेत त्या जागाही तशाच नाजूक असतात. सगळीकडे जाळी घालणे परवडत नसेल तर या सीमा आधी निवडाव्यात.

ही कल्पना मुळात याच विचारातून आली. युरी झेनिस आणि डॅरेल रेनेकर यांना २००१ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटमध्ये थरांच्या सीमांवर अतिशय बारीक तंतू ठेवून, वजन आणि जाडी फारशी न वाढवता, थर सुटणे रोखण्याची मांडणी आहे. आघाताच्या वेळी थर एकमेकांवर घसरूनही सुटतात, म्हणून फक्त उघडण्याची चाचणी करून थांबू नये. एएसटीएम डी ७९०५ प्रमाणे घसरण्याच्या प्रकारातला प्रतिकारही मोजावा. जाळीचा लाभ अनेकदा तिथेच जास्त दिसतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

इथून पुढे खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून वरचे सगळे झाल्याशिवाय इथे येऊ नये. तुटलेल्या पृष्ठभागावर सोन्याचा पातळ मुलामा देऊन तंतूंची टोके पाहावीत. टोके ताणून बारीक झालेली असतील, तर तंतूंनी तुटण्याआधी भरपूर ऊर्जा खर्च केली आहे आणि जाळी काम करते आहे. गुळगुळीत तंतू आणि शेजारी रिकामी भोके दिसली, तर रेझिनने तंतूंना धरलेच नाही. आणि उघडे, स्वच्छ कार्बन तंतू दिसले, तर कमकुवत दुवा कार्बन आणि रेझिन यांच्यातला आहे. तिथे कार्बन फायबरवरचे सायझिंग (तंतूंवरचा पातळ लेप) तुमच्या रेझिनला जुळते का हे पुरवठादाराला विचारायचे असते, जाळी बदलायची नसते.

कुठे थांबायचे

जाळी स्वतः बनवत असाल आणि दोष इलेक्ट्रोस्पिनिंगच्या यंत्रात वाटत असेल, तर ते उघडू नये. १० ते २५ किलोव्होल्टचा पुरवठा, फॉर्मिक आम्लाची वाफ आणि कार्यशाळेत उडणारी वीजवाहक कार्बनची धूळ या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. ते काम उच्च दाबाच्या विजेचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे.

मिसळलेले रेझिन डब्यात गरम होऊन धुमसू लागले, तर पॅनेल वाचवायचा प्रयत्न न करता डबा उघड्यावर नेऊन ठेवावा आणि दूर व्हावे.

वापरात असलेल्या भागात थर सुटल्याचा संशय असेल, म्हणजे नाण्याने टकटक केल्यावर एखाद्या जागी बद्द आवाज येत असेल, तर भाग ताबडतोब वापरातून काढावा. जाळी नंतर आत घालता येत नाही, आणि वरून रेझिन सोडून केलेली डागडुजी आतली इजा फक्त झाकते. इजा किती पसरली हे अल्ट्रासोनिक तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच समजून घ्यावे. माणूस वाहून नेणाऱ्या किंवा माणसांच्या डोक्यावरून उडणाऱ्या कोणत्याही भागासाठी स्वतःच्या चाचणीचा आकडा पुरेसा मानू नये. त्या चाचणीची मान्यता असलेल्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) प्रमाणित प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा.

ओलावा, क्युअर, वजन आणि रेझिन हे चारही तपास करून केलेली सलग तीन नवी पॅनेल तशीच फसली, तर चौथे करू नये. मग प्रश्न रसायनशास्त्राचा आहे आणि पॉलिमर-कंपोझिटवर काम करणाऱ्या जाणकाराकडेच जायला हवे. जाताना दोन्ही तुटलेले अर्धे न पुसता, एकमेकांवर न घासता, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून न्यावेत. सोबत क्युअरच्या तापमानाचा आलेख, जाळी वाळवण्याआधीचे आणि नंतरचे वजन, रेझिन-हार्डनरचे प्रमाण आणि वापरलेल्या सगळ्या बॅच क्रमांकांची यादी असावी. हात लावलेल्या पृष्ठभागावर बोटांचे तेल बसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते खराब भिजलेल्या रेझिनसारखेच दिसते.